नंबर कधी लागणार?

'कंट्रोल', 'परमिट', 'नंबर', 'ऑन' हे शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरले आहेत, की ते बाहेरून आले याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. मंठ्याकडे रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणणारी माणसे आजही भेटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर आणि कापडावर सरकारी नियंत्रणे आली, त्या दिवसांतला हा शब्द. पुढे युद्ध संपले, १९४८ साली निजामाची राजवट गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना जिल्हा झाला; शब्द मात्र जागचा हलला नाही. टंचाई सरते, पण टंचाईची भाषा मागे राहते. त्या भाषेचा माग काढीत गेले, तर ग्राहकाचा एक लहानसा इतिहास हाती लागतो. तोच येथे आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

निमित्त ताजेच आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील ॲपल कंपनीच्या दुकानापुढे आयफोन १७ घेण्यासाठी गर्दी लोटली. रेटारेटी झाली, काही जण हातघाईवर आले आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. ही चित्रे गावोगाव पाहिली गेली. चहाच्या हॉटेलात बसून ती पाहणारा माणूस हसतो आणि म्हणतो, "काय हो, एका फोनसाठी एवढी मारामारी?" हसावयास हरकत नाही. पण या हसणाऱ्याच्या वडिलांनी किंवा आजोबांनी एका स्कूटरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली असण्याचा पुष्कळ संभव आहे. तेव्हा हसण्यापूर्वी ती गोष्ट एकदा नीट ऐकलेली बरी.

पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज ऑटोचा कारखाना आहे. कंपनीची स्थापना १९४५ सालची. आरंभी ती परदेशातून आलेल्या गाड्या विकीत असे. १९५९ साली तिला दुचाकी आणि तीनचाकी गाड्या बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला, आणि इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर येथे तयार होऊ लागली. १९७१ साली हे सहकार्य संपले आणि १९७२ साली 'चेतक' बाजारात आली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे, वाऱ्याच्या वेगाचे. पण हा घोडा दारात यावयास कधीकधी दहा वर्षे लागत!

असे का व्हावे? कारखानदाराला माल विकावयाचा नव्हता असे थोडेच आहे? परंतु १९५१ सालच्या उद्योगविषयक कायद्याप्रमाणे मोठ्या कारखान्याने किती माल काढावा, हे परवान्यात ठरलेले असे. त्याहून अधिक काढावयाचा तर पुन्हा दिल्लीचे दार ठोठवावे लागे. यंत्रे बाहेरून आणावयाची म्हटली तर परकीय चलन हवे, आणि त्याचाच तुटवडा. १९६८ साली कंपनीची सूत्रे हाती घेणारे राहुल बजाज या परवाना-पद्धतीविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. मात्र याच पद्धतीमुळे बाजारात प्रतिस्पर्धी थोडे राहिले आणि जो माल निघे तो आपोआप खपे, हेही विसरता कामा नये. काचणारी दोरी कारखान्याच्या पायात होती तशी ग्राहकाच्या गळ्यातही होती. पण कारखान्याचा माल निदान विकला जात होता.

१९६० साली सरकारने स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रण ठेवणारा हुकूम काढला. विक्रेत्याकडे अनामत भरून नाव नोंदवावयाचे, क्रमांकाची पावती घ्यावयाची, आणि मग वाट पाहावयाची. मंठ्यासारख्या गावाचा विचार करा. येथे रेल्वे नाही. स्टेशन परतूरला, मोठी पेठ जालन्याला. अशा गावच्या शिक्षकाने किंवा कारकुनाने शहरात जाऊन नंबर लावावयाचा, ती पावती ट्रंकेत घराच्या खरेदीखताशेजारी जपून ठेवावयाची, आणि शहरात कोणी निघाले की निरोप द्यावयाचा, "जरा विचारून या हो, आमचा नंबर कुठवर आलाय?" दहा वर्षे म्हणजे काय? पहिलीतला मुलगा मॅट्रिकला येतो! मुलीच्या लग्नाचा विचार करून आधीच नंबर लावून ठेवणारे बाप त्या काळी होते असे सांगतात, ते काही उगाच नव्हे.

रांग होती, पण ती सरळ होती असे मात्र समजू नका. सरकारी कोटा वेगळा असे. परदेशातील नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले, तर स्कूटर लवकर मिळे. आणि ज्याच्या खिशात रोकड असे त्याच्यासाठी 'ऑन' होताच. ठरलेल्या किमतीच्या वर जी रक्कम हातावर ठेवावयाची, ती 'ऑन'. गंमत अशी, की वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीहून महाग विकली जाई. कारण नवी हवी तर वर्षे मोजावयाची आणि जुनी हवी तर फक्त पैसे. म्हणजे ज्याच्याजवळ वशिला नाही, परदेशी मामा नाही आणि वरचे पैसेही नाहीत, तोच काय तो रांगेत उरे. टंचाई सर्वांना सारखी नसते, ही गोष्ट या स्कूटरने आपल्याला शिकविली.

मग ही टंचाई संपली कशी? कंपनीच्याच इतिहासातील काही आकडे पाहा. आरंभापासूनची एक लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली ती १९७० साली. १९७७ पर्यंत एका वर्षात एक लाख गाड्या होऊ लागल्या. १९८५ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे दुसरा कारखाना सुरू झाला. आणि १९८६ साली वर्षाचा आकडा पाच लाखांवर गेला. याच सुमारास कायनेटिक होंडा, हिरो होंडा, टीव्हीएस सुझुकी अशा नव्या गाड्या आल्या. १९९१ च्या जुलैमध्ये नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने उठविले. माल वाढला, विकणारे वाढले, तशी रांग विरघळली. 'हमारा बजाज' ही प्रसिद्ध जाहिरात दूरदर्शनवर आली ती १९८९ साली. दहा वर्षे वाट पाहणाऱ्याला जाहिरात कशाला हवी होती? ग्राहकाची मनधरणी करण्याची वेळ आल्यावरच ती आली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

येथे आपली गोष्ट संपावयास हवी होती. परंतु रांग पुन्हा आली, आणि या वेळी तिचा हात धरून जाहिरातच आली.

१० जानेवारी २००८ रोजी टाटांनी 'नॅनो' मोटार दाखविली. लाख रुपयांत मोटार! साऱ्या जगात बोलबाला झाला. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी झाली, तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले, आणि पहिले एक लाख मानकरी संगणकावर सोडत काढून ठरवावे लागले. कारखाना बंगालमधील सिंगूरहून गुजरातमधील साणंदला हलवावा लागल्याने गाड्या हव्या तितक्या निघेनात. पुढे गाड्या भरपूर निघू लागल्या, तोवर लोकांची हौस ओसरली होती. आणि दहा वर्षांच्या आत ती मोटार जवळजवळ बंदच पडली.

जुलै २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीचा मोबाइल फ्लिपकार्टवर विकावयास आला. आधी नाव नोंदवा, ठरल्या वेळी संगणकापुढे बसा आणि बटण दाबा. पहिल्या खेपेचा माल तासाच्या आत संपला आणि पुढच्या खेपा तर काही सेकंदांत. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने २५१ रुपयांत मोबाइल देण्याची घोषणा केली. झुंबड अशी उडाली, की कंपनीचे संकेतस्थळच बंद पडले. फोन मात्र फार थोड्यांच्या हाती पडले, आणि वर्षभरात प्रकरण फसवणुकीच्या तक्रारीपर्यंत व अटकेपर्यंत गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये जिओफोनसाठी ५०० रुपये भरून नोंदणी सुरू झाली. दोन-तीन दिवसांत सुमारे ६० लाख लोकांनी नाव नोंदविले आणि नोंदणी थांबवावी लागली. आणि १३ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात व बंगळुरूत विजेवर चालणाऱ्या नव्या चेतकची नोंदणी उघडली, ती ४८ तासांत बंद करावी लागली. पुन्हा तेच नाव आणि पुन्हा तीच प्रतीक्षायादी!

वाचकहो, ही सारी उदाहरणे एका माळेत ओवली, तरी मणी एका जातीचे नाहीत. नॅनो, जिओफोन आणि नवी चेतक यांच्या बाबतीत मागणीच्या मानाने माल खरोखरच कमी होता. मोबाइलच्या त्या सेकंदांच्या विक्रीत माल थोडा, वेळ ठरलेली आणि घड्याळ डोळ्यांपुढे, अशी विक्रीची रीतच होती. आणि माल लगेच संपला ही बातमी पुढल्या खेपेची जाहिरात होऊन बसे. २५१ रुपयांच्या फोनमागे तर एवढ्या लोकांना पुरेल असा मालच नव्हता. पण ग्राहकाला यातले काय दिसते? तिन्ही ठिकाणी त्याला एकच पाटी दिसते, 'माल संपला'. माल किती होता, माझ्यापुढे किती माणसे होती, माझी पाळी केव्हा येणार, यातले काहीच त्याला ठाऊक नसते.

जुन्या आणि नव्या टंचाईत मला महत्त्वाचा फरक वाटतो तो हाच. जुनी टंचाई कायद्याने आणि दारिद्र्याने घडविलेली होती. ती वाईटच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ट्रंकेतल्या पावतीवर आकडा होता, "आमचा नंबर कुठवर आला?" असे विचारण्याचा हक्क त्या आकड्याने दिला होता. आजच्या ग्राहकाच्या हातात वस्तू चांगली आली, स्वस्त आली, हे खरेच. पण तो आकडा त्याच्या हातून गेला. म्हणूनच त्याचा संताप मोठा होतो, आणि तो कोणावर काढावा हे मात्र त्याला कळत नाही.

हा हक्क ग्राहकाला आयता मिळालेला नाही. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही हात होता, हे रेडिओवर त्यांची गाणी ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत नसेल. अशा प्रयत्नांतून वातावरण तयार झाले आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याखाली जून २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूत्रांत आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींचा स्पष्ट उल्लेख आहे: पुरेसा माल पुरविता येईल असे सयुक्तिक कारण नसता जाहिरात करू नये, आणि माल मर्यादित असेल तर तसे सांगावे. नोव्हेंबर २०२३ मधील सूत्रांनी 'थोडेच नग उरले, त्वरा करा' अशी खोटी घाई करण्यासही मनाई केली. तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेत. १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

आता कोणी म्हणेल, "सर, फोन दोन महिने उशिरा घेतला तर काय बिघडते?" काहीच बिघडत नाही! पूर्वी थांबणे ही सक्ती होती. आज ते ग्राहकाच्या हातातले शस्त्र आहे. नॅनोची कथा हेच सांगते, की पहिल्या दिवशीची गर्दी म्हणजे मालाच्या गुणाची साक्ष नव्हे. तेव्हा ज्याला थांबता येते त्याने खुशाल थांबावे.

पण सर्वांनाच थांबता येत नाही, आणि मंठ्याच्या माणसाला हे सांगावयास नको. जालना ही बियाण्यांची नावाजलेली पेठ. मृग जवळ आला की कपाशीच्या एखाद्या वाणाचा गवगवा होतो. शेजाऱ्याला यंदा चांगले पिकले, एवढे पुरते. मग नेमके तेच पाकीट दुकानातून नाहीसे होते. कोठे छापील किमतीच्या वर पैसे मागितले जातात, कोठे "हे खतही घ्या, तरच ते मिळेल" असे ऐकावे लागते. या 'लिंकिंग'ला शेतकरी चांगला ओळखतो. स्कूटरचा 'ऑन' आणि हे 'लिंकिंग' ही सख्खी भावंडेच. फोन उशिरा आला तर हौस हुकते. बियाणे उशिरा आले तर हंगाम हुकतो, आणि पाऊस काही कोणाच्या नंबराची वाट पाहत नाही.

म्हणून हा प्रश्न हौशी माणसाच्या मोबाइलपुरता समजून आपण हसण्यावारी नेऊ नये. ज्या सवयी फोनच्या दुकानापुढे आपण मुकाट्याने सोसतो, त्याच उद्या बियाण्याच्या दुकानापुढे आपल्या अंगावर येतात. नोंदणीची पावती मागून घ्यावी. पैसे परत केव्हा मिळणार ते आधी विचारावे. छापील किमतीच्या वर एक रुपयाही बिलाशिवाय देऊ नये. आणि 'माल संपला' असे कोणी म्हणाले, तर "होता किती?" हा साधा प्रश्न न भिता विचारावा. आपल्या वडीलधाऱ्यांनी दहा वर्षे एक पावती जपली. त्या पावतीवरचा आकडा पुन्हा मागून घेणे, एवढे तरी आपल्याला करता येईल.