कानोसाच्या दारात राजा

२८ जानेवारी १०७७. उत्तर इटलीतल्या कानोसा किल्ल्यात पोप सातवे ग्रेगरी यांनी जर्मन राजा चौथा हेन्री याच्यावरील धर्मबहिष्कार मागे घेतला. त्याआधी तीन दिवस राजा भर थंडीत, अनवाणी, लोकरीच्या जाड्याभरड्या वस्त्रात दाराबाहेर क्षमायाचना करत होता.

वाद होता बिशप नेमायचे कोणी, याचा. प्रश्न निव्वळ धर्माचा नव्हता. जर्मनीत बिशपांच्या हाती जमिनी, महसूल आणि सैनिकही असत. नेमणूक हातची गेली तर राज्यच खिळखिळे व्हायचे. हेन्रीने १०७६ मध्ये पोपलाच पद सोडायला फर्मावले. पोपने उलट त्याला बहिष्कृत करून प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. बंडाच्या तयारीतल्या सरदारांना हेच हवे होते. तेव्हा राजा ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून आला, तो पश्चात्तापाइतकाच हिशेबानेही. शरण आलेल्याला धर्मगुरू नाकारणार कसा? किल्ल्याची मालकीण, टस्कनीची माटिल्डा, हिनेही मध्यस्थी केली.

समेट टिकला नाही. १०८० मध्ये पुन्हा बहिष्कार पडला. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेऊन आपण उभ्या केलेल्या प्रतिस्पर्धी पोपकडून सम्राटपदाचा मुकुट चढवून घेतला. ग्रेगरी यांचा १०८५ मध्ये सालेर्नोत परागंदा अवस्थेत मृत्यू झाला. नेमणुकांचा तंटा ११२२ च्या वर्म्स करारात मिटला. तरी १८७२ मध्ये कॅथलिक चर्चशी झुंजताना चान्सलर बिस्मार्कने जर्मन संसदेत ‘आपण कानोसाला जाणार नाही’ असे बजावलेच.