सॅम किड : एका दुय्यम नटाची हकीकत

इतिहास पराक्रमी पुरुषांचाच लिहावयाचा, अशी एक जुनी समजूत आहे. सिनेमाच्या इतिहासातही नायकांची नावे उरतात. भालदार-चोपदारांची दखल कोणी घेत नाही. येथे आम्ही अशाच एका चोपदाराची हकीकत सांगणार आहोत.

सॅम किड यांचा जन्म १९१५ साली बेलफास्ट येथे झाला. युद्धापूर्वी ते वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत नकला व विनोद करून श्रोत्यांना रिझवीत. १९४० च्या मे महिन्यात त्यांची पलटण फ्रान्समधील कॅले बंदरावर लढत होती. २६ मे रोजी कॅले पडले. त्याच दिवशी जवळच्या डंकर्कहून फौजा मायदेशी आणण्याचे काम सुरू झाले. डंकर्कचे बहुतेक सैनिक घरी पोहोचले, कॅलेचे बंदिवान झाले. किड यांची पुढील पाच वर्षे पोलंडमधील थॉर्न येथील छावणीत गेली. तेथे त्यांनी सोबत्यांसाठी नाटके बसविली.

१९२९ च्या जिनिव्हा करारान्वये बंदिवान शिपायांना कामास जुंपता येत असे, अधिकाऱ्यांना नाही. युद्धानंतर ब्रिटिश पडद्यावर बंदिवासाच्या कथा आल्या, त्यांतील गाजलेल्या पुष्कळशा अधिकाऱ्यांच्या छावण्यांतल्या होत्या. १९५० चा 'द वुडन हॉर्स' पाहा, किंवा १९५५ चा 'द कोल्डिट्झ स्टोरी' पाहा. भुयारे खणून निसटणारे वीर तेथे भेटतात. दिवसभर राबून पराती येणारा शिपाई क्वचितच भेटतो.

किड हे त्या शिपायांपैकी होते. १९४६ साली बॅसिल डीअर्डन यांच्या 'द कॅप्टिव्ह हार्ट' या बंदिवानांवरील चित्रपटात त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेण्यात आला. वाट्याला भूमिका मात्र लहानशीच आली. पुढे दोनशेहून अधिक चित्रपटांत ते दिसले. कधी शिपाई, कधी खलाशी, कधी हमाल. पुष्कळदा श्रेयनामावलीत नावही नसे. आम्हांस यात विलक्षण विरोध दिसतो. ज्याने युद्ध व बंदिवास खरोखर भोगला, तो मागच्या रांगेत उभा. आणि पुढे नायक धैर्याचा अभिनय करीत आहे!

तथापि किड कडवट झाले नाहीत. १९६३ पासून 'क्रेन' या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी ऑर्लँडो नावाचे पात्र रंगविले. ते इतके लोकप्रिय झाले की, १९६५ साली त्याच नावाची स्वतंत्र मालिका निघाली. पन्नाशीत नाममुद्रा मिळाली. १९७३ साली त्यांनी 'फॉर यू द वॉर इज ओव्हर' या नावाने बंदिवासाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. जे पडद्यावर दोन वाक्यांत उरकावे लागे, ते या पुस्तकात सविस्तर आले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

नायकांच्या चित्रांवरून युद्ध कसे स्मरले गेले, ते कळते. ते कसे भोगले गेले, हे जाणावयाचे तर नामावलीच्या अगदी तळाशी, आणि कित्येकदा तिच्याही खाली, पाहावे लागते.