हात बसवला, पुढे काय?

आजचा भाग माझ्या मामाच्या एका प्रश्नावरून सुचला. मामा अकोला जिल्ह्यात शेती करतो. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. परवा अमरावतीला आमच्याकडे आला, मोबाइलवर मोनिका मोरेचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "काय रे, मलेबी असा हात बसवता येईन काय?"

मोनिका आठवते ना? जानेवारी २०१४, घाटकोपर स्टेशन. लोकलच्या अपघातात दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये चेन्नईच्या दात्याचे हात तिला बसवले. बातमी इथं संपते. खरी गोष्ट इथून सुरू होते.

पहिला प्रयत्न १९६४ मध्ये इक्वेडोरमध्ये झाला. शरीर परका हात नाकारतं, आणि ते थांबवणारी चांगली औषधं तेव्हा नव्हती. काही आठवड्यांतच हात काढावा लागला. मग थेट सप्टेंबर १९९८. फ्रान्समधल्या लियाँला क्लिंट हॅलमला हात बसवला. पण त्यानं गोळ्या नीट घेतल्या नाहीत, तो हात त्याला आपला वाटेना. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच्याच मागणीवरून तो काढला. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला मॅथ्यू स्कॉटला हात बसवला. त्यानं गोळ्या, तपासण्या, व्यायाम सगळं सांभाळलं. त्याच्या हातानं वीस वर्षं ओलांडली.

ऑपरेशन दोघांचंही जमलं होतं. फरक पडला तो नंतर.

मामाला समजावलं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत स्पर्श पोचायलाच सहा महिने. रोजची फिजिओथेरपी वेगळी. गोळ्या जन्मभर, आणि त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. इन्फेक्शन, शुगर, किडनीचा धोका वाढतो. किडनी जीव वाचवायला बसवतात. हात नसला तरी माणूस जगतो, म्हणून एक हात धड असेल तर डॉक्टर दहादा विचार करतात.

मामा म्हणाला, "म्हंजे बसवनं एका दिवसाचं, सांभायनं जल्मभराचं."

सध्या तो कृत्रिम हाताची चौकशी करतोय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत, काय ते त्यांच्याकडूनच ऐकू.

आणि हो, सोयाबीनचा सीझन आलाय. थ्रेशरमध्ये काही अडकलं तर आधी मशीन बंद करा, मगच हात घाला. घरी बाबांना, काकांना एवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!