‘कोनाडा’ : एका संज्ञेचे अर्थांतर

‘निश’ या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतील कोनाडा. १९१७ साली जोसेफ ग्रिनेल यांनी तो कॅलिफोर्नियातील थ्रॅशर पक्ष्याच्या अधिवासासंबंधी योजिला. १९२७ साली चार्ल्स एल्टन यांनी त्यास जीवसमूहातील प्राण्याचे कार्य हा अर्थ दिला. १९३४ साली गाउझे यांनी पॅरामिशियमच्या दोन जाती एकाच अन्नावर वाढविल्याचे प्रयोग मांडले. त्यांत एक टिकली, दुसरी नष्ट झाली. सर्वस्वी समान गरजांच्या जाती एकत्र नांदत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष होय. पुढे १९५७ साली हचिन्सन यांनी कोनाडा हा स्थळाचा नव्हे, तर जातीचा धर्म ठरविला. हा अर्थ स्वीकारल्यास, लुप्त जातीची जागा दुसरी भरून काढील, ही आशा फोल ठरते. कारण जातीबरोबर तिचा कोनाडाही नाहीसा होतो.