सजगता आणि आत्मसंयम : रागाला दडपणे नव्हे, ओळखणे

भावना अनावर झाली की कोणी समोरच्यावर धावून जातो, तर कोणी स्वतःलाच इजा करून घेतो. ही वर्तने भिन्न दिसली, तरी दोहोंच्या मुळाशी अनेकदा असह्य भावनेपासून तत्काळ सुटका मिळवण्याची ऊर्मी असते. ऊर्मी आणि कृती यांच्यात थोडा अवकाश निर्माण करणे, हे सजगतेचे कार्य होय.

सजगता म्हणजे काय?

या क्षणी मनात आणि शरीरात जे घडत आहे, त्याची बरेवाईट न ठरवता घेतलेली नोंद म्हणजे सजगता. पाली भाषेतील ‘सति’ ही तिची मूळ संकल्पना. राग गिळणे म्हणजे आत्मसंयम, हा समज अपुरा आहे. रागाची चाहूल वेळीच लागली, तरच त्याला आवर घालणे शक्य होते.

आक्रमकतेवर उपयोग

निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सौम्य बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार असलेल्या एका आक्रमक व्यक्तीला शिकवलेली पद्धत प्रसिद्ध केली. राग चढू लागताच लक्ष पावलांच्या तळव्यांकडे न्यायचे; बोटांची हालचाल, मोज्याचा स्पर्श, टाचेवरील दाब अनुभवायचा. मन निवल्यावरच पुढे काय करायचे ते ठरवायचे. याचा सराव मात्र शांत वेळी करावा लागतो.

स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही उपचारपद्धती विकसित केली. सजगता, त्रास सोसण्याची क्षमता, भावनांचे नियमन आणि नातेसंबंधांतील कौशल्ये हे तिचे चार घटक. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा उपचार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी आढळले. तारुण्यात आपणही याच यातनेतून गेलो होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

मर्यादा

सजगता हा उपचाराचा एक भाग आहे, पर्याय नव्हे. काहींना, विशेषतः जुने आघात सोसलेल्यांना, एकट्याने ध्यानास बसल्यावर अधिक अस्वस्थ वाटू शकते. त्यांनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच सराव करावा. घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करण्याऐवजी शांतपणे ऐकून घ्यावे आणि मदत मिळवून द्यावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.