साडेपाच फुटांचं कूळ

दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आपल्याकडे ते १६७६ मिलिमीटर, म्हणजे ५ फूट ६ इंच. इंग्लंडात ४ फूट साडेआठ इंच. इंग्रजांनी आपलं घरचं माप इथे का आणलं नाही?

कारण घरातच भांडण होतं. रेल्वे अभियंता स्टीफन्सनने कोळसाखाणींतल्या जुन्या रुळांचं माप उचललं होतं, तर दुसरा अभियंता ब्रुनेल याने सात फुटांहून किंचित जास्त रुंदी घेतली. ही दोन मापं ग्लॉस्टर स्थानकात भिडत आणि तिथे सगळा माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. लॉर्ड डलहौसी तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते; हा गोंधळ त्यांनी जवळून पाहिला. गव्हर्नर-जनरल होऊन आल्यावर त्यांनी आग्रह धरला : देशभर एकच गेज, आणि तेही रुंद. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक विलायती मापावर अडलेले, डलहौसींना सहा फूट हवे, सल्लागार अभियंता सिम्स यांची शिफारस साडेपाचाची. शेवटी साडेपाच ठरले आणि १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली ती त्याच मापावर. डलहौसींच्या राज्यविस्ताराबद्दल काहीही म्हणा, या बाबतीत त्यांची नजर लांबवर पोचली होती.

ती शिस्त १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंनी मोडली. खर्च वाचवायला त्यांनी मीटरगेज आणलं. पैसे वाचले, पण ग्लॉस्टरचा त्रास भारतात आला आणि शंभराहून जास्त वर्षं हमालांच्या पाठीवर बसला. मिरजेला तर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज नांदत होती.

तरीही अरुंद रुळांना सरसकट नावं ठेवणं अन्याय होईल. १८९७मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवला. म्हणून हलके, स्वस्त रूळ पुरले आणि मोठ्या लाइनीने वगळलेल्या बार्शीच्या बाजारपेठेला गाडी मिळाली. मेयोंनी नुसती काटकसर केली. कॅलथ्रॉप यांनी त्या काटकसरीतून नवं तंत्र उभं केलं.

१९९२पासून रेल्वेने एकगेज योजना हाती घेतली आणि बार्शीची लाइनही पुढे रुंद झाली. नेरळ-माथेरान मात्र १९०७पासून दोन फुटांवरच आहे. त्या डोंगरातली वळणं इतकी आखूड आहेत, की ब्रॉडगेजचा डबा तिथे वळणारच नाही.