शोधण्याचं कूळ

हरवलेली किल्ली आपण शोधतो. प्रूफं तपासणाऱ्यालाही मराठी ‘मुद्रितशोधक’ म्हणते. किल्ली सापडली की खिशात जाते, चूक सापडली की बाहेर जाते. एका क्रियापदाकडे ही दोन कामं आली कशी?

संस्कृतात ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ होणं आणि ‘शोधयति’ म्हणजे स्वच्छ करतो. वैद्य पारा-गंधक वापरण्याआधी त्यांचं शोधन करतात. जुन्या गणितग्रंथांत तर शोधन म्हणजे वजाबाकी. सगळीकडे काम एकच, नको ते काढणं. पण काढायचं ते आधी नजरेला पडावं लागतं. तांदूळ निवडताना खडा हुडकणं आणि तांदूळ स्वच्छ करणं ही एकाच हाताची हालचाल असते. मला वाटतं, स्वच्छ करण्याचा अर्थ हुडकण्याकडे सरकला तो अशाच कामांतून.

पोथ्यांच्या काळात हा शब्द रोजचा होता. नक्कल करताना अक्षर चुकलं की त्यावर पिवळा हरताळ लावून ते झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. पण एका पोथीतली चूक झाकली, तरी शंभर पोथ्यांत शिरलेले पाठभेद कोण निस्तरणार? ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ते काम एकनाथांनी अंगावर घेतलं. नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सांगितलेला ग्रंथ त्यांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली शुद्ध केला. मधे 294 वर्षं गेली होती. नाथ स्वतः मोठे कवी, ओवी त्यांच्या हातचा मळ. तरी ग्रंथाच्या शेवटी त्यांनी बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली, तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. शोधणाऱ्यानं काढावं, घालू नये, हा दंडक इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा संपादक मला ठाऊक नाही.

पुढे याच धातूचं ‘संशोधन’ दोन भाषांत दोन वाटांनी गेलं. हिंदीत संविधानाचं ‘संशोधन’ होतं, तिथे फेरफाराचा अर्थ टिकला. मराठीत त्याला घटनादुरुस्ती म्हणतात. 1910 साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नावातला संशोधक मात्र धांडोळा घेणारा आहे.

लेखनापुरतं आज आपण बहुधा ‘सुधारणे’ म्हणतो. ते वाईट नाही, पण दोन्हींत फरक आहे. सुधारताना लेखक स्वतःचं मतही बदलू शकतो, नवं प्रकरणही जोडू शकतो. शोधणाऱ्याला मूळ प्रत शेजारी ठेवूनच बसावं लागतं.

ज्ञानेश्वरीची जयंती भाद्रपद वद्य षष्ठीला असते. नाथांचं शोधन पुरं झालं, तो हा दिवस.